‘बायकोनं लावला होता’

पुरुष प्रेमाचे पिक्चर बघतात. शाळा-कॉलेजातल्या पोरापोरींच्या प्रेमाचे बघतात, आणि मैत्रिणींच्या गप्पांचे, लग्न ठरण्या-मोडण्याचे, ज्यांना आपल्याकडं सरसकट ‘बायकांचे पिक्चर’ म्हणून बाजूला सारतात, तेही बघतात. शेवटपर्यंत बघतात. पण विचारलं की सांगत नाहीत. सोलापुरात याची ठरलेली उत्तरं आहेत. ‘बायकोनं लावला होता, मी नुसता बसलो होतो.’ ‘रिमोट बहिणीकडं होता.’ ‘झोप येत नव्हती.’ ‘रात्रपाळीला जागं राहायला काहीतरी लागतंच की.’ चारचौघांत ‘मला आवडतो म्हणून बघितला’ असं म्हणणारा पुरुष मला क्वचितच भेटला आहे. मी स्वतः असे पिक्चर बघतो, आवडीनं बघतो आणि तसं सांगतो. म्हणूनच कदाचित या उत्तरांकडं माझं लक्ष जास्त जातं.

ही बाब किरकोळ आहे असं पुष्कळांना वाटेल. मला ती किरकोळ वाटत नाही. ज्याला आवडलेल्या प्रेमकथेचं नाव उघड घेता येत नाही, त्याला प्रेमाबद्दल पुढचं काहीच बोलता येत नाही. त्याची झळ घरातल्या बायकोला, पोरीला आणि मिसरूड फुटत असलेल्या पोराला बसते.

आपल्याच जिल्ह्याचं बघा. २९ एप्रिल २०१६ ला ‘सैराट’ आला. दिग्दर्शक नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, नायिका रिंकू राजगुरू अकलूजची, आणि चित्रीकरणही बरंचसं करमाळ्याच्या परिसरातलं. कमाईत शंभर कोटींचा टप्पा ओलांडणारा तो पहिला मराठी पिक्चर. एवढा गल्ला एकट्या बायकांच्या तिकिटांवर जमत नाही. पुरुष गेले, घोळक्यानं गेले, दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा गेले. आणि काय सांगत होते ते आठवा. ‘गाणी कसली आहेत!’ ‘शूटिंग आपल्या भागातलं आहे.’ ‘जातीवर बोलणारा पिक्चर आहे, बघितलाच पाहिजे.’ तिन्ही गोष्टी खऱ्या. पण त्या पिक्चरचा पहिला अर्धा भाग दोन कोवळ्या जिवांच्या प्रेमाचा आहे. बुलेट आणि ट्रॅक्टर चालवणारी, नजर रोखून बघणारी, आपल्याला काय हवं ते तोंडावर बोलणारी आर्ची, आणि तिच्यासमोर लाजून चूर होणारा परशा. तो भाग पुरुषांनी शिट्ट्या मारत, गालात हसत, जीव लावून बघितला. शेवटानंतर जे खुर्चीतच बसून राहिले त्यांत पुरुष होते. तो शेवट इतका लागला, कारण त्याआधी दीड-दोन तास त्या दोघांवर त्यांचा जीव जडला होता. जात कशी मारते हे कळायलासुद्धा आधी ते प्रेम मनापासून बघावं लागलं. तरी ‘मला त्या दोघांचं प्रेम बघायला आवडलं’ एवढं एक वाक्य पानटपरीवर कुणी बोलत नव्हतं.

‘टायटॅनिक’चंही तेच. १९९७ चा पिक्चर, अकरा ऑस्कर मिळालेला. त्यातली रोझ सतरा वर्षांची आहे, जॅक विशीतला. म्हणजे तीही कोवळ्या वयातली प्रेमकथाच. पण बघितलेल्या पुरुषाला विचारा, जहाज कसं उभं राहिलं, मधोमध कसं तुटलं, यावर तो रंगून बोलेल. हिमनग जहाजाला लागेपर्यंत तो दीड तास काय बघत होता, ते मात्र तो सांगणार नाही.

लपवण्याचं पहिलं कारण सगळ्यांना माहीत आहे. ‘काय बे, पोरींसारखं काय बघतोय?’ असं एकदा कुणी म्हटलं की पुढं महिनाभर त्या पोराला तेच ऐकावं लागतं. ‘बायल्या’ हा शब्द आपल्याकडं फार सहज निघतो. पण या टिंगलीच्या मुळाशी काय आहे ते नीट बघायला हवं. नायक एका ठोशात दहा जणांना आडवं करतो, गोळ्या त्याला चुकवून जातात, तीन तास रक्त सांडतं. ते सगळं प्रेमकथेहून कितीतरी खोटं असतं. तरी तो पिक्चर बघितल्याचं कारण कुणाला द्यावं लागत नाही. भारत वर्ल्डकपची फायनल हरला आणि एखादा गडी रडला तर त्याला कुणी हसत नाही, उलट पाठीवर हात ठेवतात. म्हणजे आक्षेप खोटेपणावर नाही आणि रडण्यावरही नाही. बायकांना जे आवडतं ते हलकं, आणि हलक्या गोष्टीत रमणारा पुरुषही हलका, एवढीच ती समजूत आहे. मला या समजुतीचा राग येतो. आपल्या गावात तर जास्तच येतो.

कारण या गावातल्या कितीतरी घरांत चूल बाईच्या विडीवर पेटते. पूर्व भागात दुपारी कुठल्याही गल्लीत जा. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू, बोटं चाललेली, आणि समोर टीव्हीवर मालिका नाहीतर पिक्चर. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबानं. त्या मजुरीवर पोरांच्या फिया भरल्या जातात, गिरण्या बंद पडल्या तेव्हाही कितीतरी घरं त्याच मजुरीवर तगली. बाईची कमाई चालते, तिच्या हातचं चालतं, आणि ती डोळ्यांनी जे आवडीनं बघते ते तेवढं टिंगलीचं! हाताला काम असताना त्या बायका पिक्चर कसा बघतात हेही ऐकण्यासारखं असतं. ‘असला दारात आला असता तर मी पाणीसुद्धा विचारलं नसतं,’ असं एखादी विडी वळता वळता म्हणते आणि नायकाचा निकाल लावून टाकते. दुसरी त्याची बाजू घेते. मग त्यावर भांडण. कुठल्या वागण्याला प्रेम म्हणायचं आणि कुठल्या वागण्याला त्रास, याची इतकी बारीक चर्चा पुरुषांच्या बैठकीत मी कधी ऐकली नाही. शेजारच्या खोलीत पेपर तोंडासमोर धरून पडलेला नवरा ती ऐकत असतो. बोलत काही नाही.

लपवण्याचं दुसरं कारण मला एका माणसाच्या बोलण्यातून कळलं. अक्कलकोट रोडवरच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात पाळीवर जाणारे हे गृहस्थ तेलुगू घरातले आहेत, आमची जुनी ओळख. त्यांना तेलुगूतल्या कॉलेजच्या प्रेमकथा फार आवडतात. त्याबद्दल बोलता बोलता ते म्हणाले, ‘घरी पोरगी लावती सर. मी बसतो तिच्यासंगं. पण मला आवडतंय म्हणून तिला कळू देत नाही.’ मी का म्हणून विचारलं. थोडं थांबून म्हणाले, ‘उद्या ती म्हटली, पप्पा, तुम्हाला ते चालतंय ना, मग मला? तर मी काय सांगू?’

चेष्टेच्या भीतीपेक्षा ही भीती मोठी आहे, आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. आवड कबूल केली की माणूस बांधला जातो. पडद्यावरच्या पोरीनं आपल्या मनानं जोडीदार निवडला आणि मी खूश झालो, असं ज्यानं सांगितलं त्याला घरातल्या पोरीला उत्तर द्यावं लागतं. पडद्यावरचा नायक नायिकेचं म्हणणं ऐकून घेतो ते मला भावलं, असं ज्यानं सांगितलं त्याला बायको विचारू शकते, ‘मग माझं कधी ऐकणार?’ ‘बायकोनं लावला होता’ म्हटलं की हे सगळे प्रश्न टळतात. पिक्चर बघायचं सुख मिळतं आणि त्याचं देणं लागत नाही. सोय आहे ती. या सोयीमुळं जिल्ह्यातल्या हजारो पुरुषांनी आर्ची-परशावर जीव लावला, आणि घरी येऊन पोरीच्या मोबाइलवर कुणाचा फोन येतो त्याची तपासणी आधीसारखीच चालू ठेवली.

कुणी म्हणेल, आपला पुरुष मुळातच असा. आपल्या संस्कृतीत पुरुषानं असल्या हळव्या गोष्टीत रमायचं नसतं. हे साफ खोटं आहे, आणि सोलापूर जिल्ह्यात बसून तर हे बोलूच नये. आपल्या जिल्ह्यात पंढरपूर आहे. ज्ञानेश्वरांच्या विरहिणी आहेत, गौळणी आहेत. विरहिणी म्हणजे प्रियकराच्या वाटेकडं डोळे लावून बसलेल्या स्त्रीचं मन. चंदन अंगाला पोळतं, चांदणं सोसवत नाही, असलं सगळं. ते कोण गातं? मिशीवाले, पागोटंवाले, दिवसभर नांगर धरणारे बापे गातात. टाळ वाजवत, डोळे मिटून, स्त्री होऊन गातात, आणि सातशेहून अधिक वर्षं गात आले आहेत. त्यांना कुणी बायल्या म्हणत नाही. शाहीर राम जोशी याच सोलापूरचा. त्याच्या आणि त्याच्या बरोबरीच्या शाहिरांच्या कितीतरी लावण्या बाईच्या तोंडच्या आहेत, पुरुषानं लिहिलेल्या, आणि पुरुषांनी फडात बसून ऐकलेल्या. रुसवा, वाट बघणं, परत ये म्हणून घातलेली गळ, हे सगळं त्यांत आहे. पुरुषाला ते कळत होतं, लिहिता येत होतं, ऐकून दाद देता येत होती.

आणि गड्ड्याची जत्रा! संक्रांतीला सिद्धेश्वरांची यात्रा भरते तेव्हा भोगीच्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा होतो. पांढऱ्या बाराबंदीतले हजारो पुरुष, खांद्यावर नंदीध्वज पेलणारे मानकरी, आणि मंगलाष्टकांनंतर सगळ्या गावानं टाकलेल्या अक्षता. हे लग्न कुणाचं? सिद्धरामेश्वरांच्या, म्हणजे याच सिद्धेश्वरांच्या, अंगणात रोज सडा-रांगोळी करणाऱ्या एका कुंभारकन्येनं त्यांच्याशी लग्न करायची इच्छा बोलून दाखवली. ते योगी, लग्न करणार नव्हते. पण त्यांनी तिला झिडकारलं नाही, आपल्या योगदंडाशी लग्न लावायला संमती दिली. कथा पुढं बरीच आहे. मला तिची सुरुवात महत्त्वाची वाटते. एक पोरगी स्वतः सांगते, मला हा हवा. ज्याला सांगितलं तो तिचं ऐकून घेतो, नाही म्हणतानाही तिचा मान राखतो. आपल्या गावचा सगळ्यात मोठा सण या एका पोरीच्या मागणीवर उभा आहे, आणि त्या लग्नाला दरवर्षी सोलापूरचे पुरुष नटूनथटून उभे राहतात. देवाच्या निमित्तानं जे चालतं ते पिक्चरच्या निमित्तानं का चालू नये?

आपण प्रेमाचा भाग गाळून गोष्टी सांगायला कसे शिकलो, याचा एक नमुना डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचा आहे. ते सोलापूरचे, १९३८ मध्ये चीनला गेले, जखमी सैनिकांची सेवा केली, १९४२ मध्ये तिथंच वारले. हे गावातल्या पोरापोरांना पाठ आहे. १९४१ मध्ये त्यांनी गुओ चिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं, मुलगा झाला, आणि तो काही महिन्यांचा असताना डॉक्टर गेले. परक्या देशात, युद्धात, दोन माणसांनी एकमेकांना निवडलं. भाषणांत हे एका वाक्यात उरकतात. जणू त्यामुळं सेवेचं मोल कमी होतं.

आता पोरांकडं येतो, कारण मला सगळ्यात काळजी त्यांची आहे. चौदा-पंधरा वर्षांच्या पोराला प्रेम म्हणजे काय ते कुणीतरी शिकवणारच. बाप बोलत नाही, मास्तर बोलत नाहीत. मग ज्या पिक्चरचं नाव उघड घेता येतं त्या पिक्चरकडून तो शिकतो. तिथं नायक पोरीच्या मागं मागं जातो, ती ‘नाही’ म्हणते, तो हसतो, मित्र गाणं म्हणतात, आणि शेवटी ती त्याचीच होते. क्लासच्या दारात गाडी लावून थांबणारी, कुठून तरी नंबर मिळवून रात्री मेसेज टाकणारी पोरं हेच करत असतात, आणि आपण काही वाईट करतोय असं त्यांना वाटतही नाही. कायद्यानं याला २०१३ मध्ये गुन्हा ठरवलं. भारतीय दंड संहितेत ३५४-ड हे पाठलागाचं कलम आलं, आता भारतीय न्याय संहितेत ते ७८ वं कलम आहे. पण कलम गुन्हा घडल्यावर लागतं. त्याआधी, पाठलाग होतो तेव्हा पोरीच्या पोटात कसा गोळा येतो, ते त्या पोराला कुणी दाखवायचं?

ज्यांना बायकांचे पिक्चर म्हणतात ते बऱ्याचदा हेच दाखवतात. त्यांत कॅमेरा पोरीच्या बाजूला असतो. ती घरी येऊन मैत्रिणीला काय सांगते, कशानं तिला राग येतो, कुणी नुसतं नीट ऐकलं तर तिला किती बरं वाटतं, ‘नाही’ म्हणताना तिला किती धीर गोळा करावा लागतो, हे पोराला दुसरीकडं कुठंच बघायला मिळत नाही. बहिणीला विचारायची आपल्याकडं सोय नाही, वर्गातल्या पोरीशी दोन मिनिटं बोललं तर चर्चा होते. अशा गावात पोरांनी हे पिक्चर बघायला हवेत, असं मी म्हणेन. ते चोरून बघतातही. पण चोरून बघितलेल्या गोष्टीवर बोलता येत नाही, आणि बोलल्याशिवाय ती अंगी लागत नाही.

हे पिक्चर चांगले असतात असा माझा दावा नाही. पुष्कळसे भिकार असतात. चष्मा काढला, केस मोकळे सोडले की साधी पोरगी एकदम सुंदर होते. नायक नेहमी श्रीमंत. पोरीचं शिक्षण, नोकरी सगळं लग्न ठरलं की गायब. यावर झोडपायलाच हवं. पण झोडपण्यासाठी ‘मी बघितला’ हे आधी म्हणावं लागतं. न बघितल्यासारखं करून नाक मुरडणं ही समीक्षा नव्हे. प्रेमकथेला प्रेमकथा म्हणून जोखा, कोण बघतं यावरून जोखू नका.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे. चाळिशीतला माणूस सोळा वर्षांच्या पोरींचे पिक्चर कशाला बघतो, असं कुणी विचारलं तर त्याला वेड्यात काढून चालणार नाही. वाईट नजरेनं बघणारे असतातच. पण त्यांना ओळखायला प्रेमकथेपर्यंत यायची गरज नाही. असल्या नजरेसाठी बनवलेली नाचगाणी ते उजळ माथ्यानं, मोठ्या आवाजात बघत असतात, आणि तेव्हा त्यांना कुणी काही विचारत नाही. गोष्ट बघणारा माणूस वेगळा. तो पोरगी शेजारी बसलेली असताना बघू शकतो. तो स्वतःचं सोळावं वर्ष बघत असतो. आमच्या वेळी त्या वयातल्या पुष्कळ पोरांना शाळा सोडून मागावर, दुकानात, शेतात उभं केलं होतं. कुणाला कुणी आवडलं असेल तर ते मनातच राहिलं, पुढं बघण्याच्या कार्यक्रमात कांदेपोहे खाऊन पाच मिनिटांत लग्न ठरलं. त्या माणसाला पडद्यावर दोन पोरं भीत भीत एकमेकांशी बोलताना बघून काही वाटत असेल, तर त्यात घाण काही नाही.

‘ही ज्याची त्याची खासगी आवड आहे, सांगायची सक्ती कशाला?’ सक्ती कुणीच करत नाही. गप्प राहायचा हक्क आहेच. मी बोलतोय ते खोटं बोलण्याबद्दल. बायकोच्या नावावर आपली आवड ढकलायची आणि मग त्याच आवडीवरून तिला हसायचं, हे खासगी राहत नाही. त्यात दुसऱ्याचा अपमान आहे.

तेव्हा सुरुवात घरातून करावी, आणि बापांनी करावी. पोरगा बहिणीशेजारी बसून असला पिक्चर बघत असेल आणि आलेला काका-मामा हसला, तर बापानं ‘बघू दे, मलाही बघायचाय’ म्हणून तिथंच बसावं. कारखान्यात, कट्ट्यावर कुणी विचारलं काल काय बघितलं, तर पिक्चरचं नाव घ्यावं, आवडला असेल तर आवडला म्हणावं, आणि का आवडला तेही सांगावं. चार दिवस हसतील. त्यातले दोघे नंतर एकटे गाठून विचारतील, कुठं बघितला म्हणून. मला असं विचारणारे भेटले आहेत. आणि पिक्चर संपल्यावर पोरीनं ‘पप्पा, तुम्हाला कोण बरोबर वाटलं?’ असं विचारलं, तर पाणी प्यायच्या निमित्तानं उठून जाऊ नये.